तिरफळावरचे किडे आणि नोंदवहीतली एक ओळ

आमच्या गावच्या ग्रामसभेत १५ ऑगस्ट २०२४ रोजी मी केलेली गावातल्या फुलपाखरांची यादी मंजूर झाली. त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून तिघीचौघींचे फोन आले, "आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करायची?" दर वेळी फोनवर अर्धा तास बोलते आणि तरी काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एकदा तारीखवार लिहून काढते.

गाव सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे, वय सेहेचाळीस. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच.

एप्रिल २०२३मध्ये घरपट्टीची पावती घ्यायला ग्रामपंचायतीत गेले होते. वीज गेलेली, संगणक बंद, म्हणून बाकावर बसून राहिले. बाजूच्या टेबलावर लोक जैवविविधता नोंदवही होती, ती चाळायला घेतली. जैवविविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि गावातली झाडं, पिकं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती तिने या वहीत उतरवायची असते. भाताच्या जुन्या वाणांची पानं सुंदर भरली होती. नदीतल्या माशांची नावं होती. कीटकांच्या पानावर मात्र एवढंच होतं: "फुलपाखरे, विविध प्रकारची. मधमाशी. मुंगी."

ती ओळ मनातून जाईना. माझ्या परड्यातच मला तेव्हा आठ-दहा वेगवेगळी फुलपाखरं दिसत होती. त्यातल्या एकाचंही नाव मला येत नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

ग्रामसेवकांना विचारलं, मी ही माहिती गोळा केली तर वहीत घेता येईल का? ते म्हणाले, "मॅडम, लेखी द्या." २४ एप्रिलला अर्ज दिला. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. पुढे चार वेळा मला त्या क्रमांकावरूनच अर्ज शोधून द्यावा लागला. समितीची मुदत संपलेली होती, ती नव्याने नेमायची होती. अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला असा तेव्हा नियम होता. सदस्य ठरायला, मग बैठकीला गणपूर्ती व्हायला जुलै उजाडला. अकरा आठवडे गेले. मधे मी दर सोमवारी शाळेतून येताना डोकावत असे. चिडून उपयोग नव्हता. मृगानंतर शेतीची कामं सुरू झाली की गावात कोणाला बैठकीला बोलवणार?

अखेर १२ जुलैला पत्र मिळालं: "समितीच्या वतीने कीटकांच्या नोंदी व छायाचित्रे घेण्यास हरकत नाही." दोन ओळींचं पत्र, पण ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी वर्षभर जवळ बाळगलं. कोकणात बहुतेक रान मालकीचं असतं. कोणाच्या काजूच्या बागेत बाईमाणूस कॅमेरा घेऊन वाकून उभी दिसली की जमिनीची मोजणी चालली आहे असंच वाटतं लोकांना. पत्र दाखवलं की चहा मिळायचा.

वरच्या अंगाला राखीव वन आहे. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात वेगळा अर्ज, सोबत ओळखपत्राची प्रत आणि ग्रामपंचायतीचं पत्र. पाच आठवड्यांनी परवानगी आली. दिवसाच जायचं, सोबत वनरक्षक हवा, काहीही गोळा करायचं नाही. वर्षात दोनदाच जाऊ शकले. देवराईसाठी तर कागद चालणारच नव्हता. तिथे मानकऱ्यांना भेटले, त्यांनी एका सोमवारी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि अटी सांगितल्या: चप्पल बाहेर, पान तोडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. या तिन्ही अटी फुलपाखरं बघायला इतक्या सोयीच्या आहेत की पुढे मी त्या सगळीकडेच पाळल्या. अपवाद फक्त चपलेचा. रानात गमबूट हवेतच.

आता खर्च. कुडाळच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला, १८,००० रुपयांना. ५५ ते २५० मिमीची जुनी झूम लेन्स ६,५०० रुपये. लेन्सपुढे लावायचं क्लोज-अप भिंग १,९०० रुपये. अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सची किंमत विचारली आणि विषय सोडला. झूम लेन्सने तीन-चार फुटांवरून फोटो मिळतो आणि फुलपाखरू उडत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला तीच बरी. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनीही थांबू नये. माझ्या वर्षातला सगळ्यात मोलाचा फोटो फोनवरचाच आहे, तो पुढे येईलच.

त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला. भाताला ते वाईट होतं, सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मला मात्र रोज सकाळी ऊन मिळत होतं, आणि त्याचा आनंद वाटून घ्यायलाही संकोच वाटायचा. पहिल्या महिन्यात चौदाशे फोटो काढले. त्यातले उपयोगाचे निघाले साठ. मी फुलपाखरांमागे धावत होते. बसलं की झेप, उडालं की पुन्हा मागे. फोटोत यायचे उडालेले ठिपके नाहीतर हललेली पानं.

फरक पडला तो एका माहितगार मुलाच्या सांगण्यावरून. गोव्याच्या एका महाविद्यालयात तो शिकवतो, त्याच्याशी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ओळख झाली. "ताई, फुलपाखरू शोधू नका, झाड शोधा," असं त्याने लिहिलं. प्रत्येक जातीची मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते, कारण अळीला तीच पानं चालतात. झाडं मला येत होती! आमच्या घरी आजीपासून सगळ्यांना येतात. मग यादी उलटीकडून सुरू केली. कढीपत्ता आणि लिंबू, तिथे कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय. रुईवर बिबळ्या कडवा. बांडगुळावर हळदीकुंकू. पानफुटीवर लाल-काळ्या ठशाचं इवलंसं रेड पिएरो. हळदीच्या गुंडाळलेल्या पानात ग्रास डेमनची अळी. माडाच्या पातीवर पांढऱ्या मेणाचे धागे अंगावर मिरवणारा जायंट रेडआयचा सुरवंट. टाकळ्याची भाजी आपण पावसाळ्यात खातो, त्याच टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो अंडी घालतात. आणि आंब्याच्या कलमावर कॉमन बॅरनची अळी: हिरवीगार, दोन्ही कडांना पिसासारखे काटे, पाठीवर मधोमध फिकट रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की शीर आणि रेघ एक होऊन जाते. चुलत्यांच्या कलमांत मी लहानपणापासून फिरले आहे. तिला पाहिलं पहिल्यांदा सेहेचाळिसाव्या वर्षी.

त्यानंतर एकाच जागी उभं राहायला शिकले. सकाळी साडेआठ ते साडेदहा सगळ्यात चांगली वेळ, तेव्हा फुलपाखरं पंख उघडून ऊन घेतात. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही. हळू बसायचं, कॅमेरा पंखांच्या पातळीला समांतर धरायचा, म्हणजे सगळा पंख स्पष्ट येतो. शटरचा वेग किमान १/५०० सेकंद. पंखांच्या दोन्ही बाजू टिपायच्या. लायकेनिडी कुळातली लहान निळी आणि हेस्पेरिडी कुळातली स्किपर तर खालच्या बाजूवरूनच ओळखतात. वरची निळी झळाळी कितीही सुंदर आली तरी नाव सांगायला तिचा उपयोग कमीच. आणि धड फोटोत आलंच पाहिजे. हे मी का सांगते आहे ते पुढे कळेल.

गणपती १९ सप्टेंबरला होते. आदल्या आठवड्यात लेन्समधून सगळं धुकट दिसायला लागलं. उजेडासमोर धरून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्स कापडी पिशवीत ठेवली की हे होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. कोल्हापूरला दुरुस्तीला पाठवली, २,२०० रुपये आणि जवळपास पाच आठवडे गेले. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर हलक्या गरम करून सुकवते. पावसाळ्यापूर्वी एवढं कराच.

लेन्स गेली आणि माझा धीरच खचला. चांगला हंगाम आता कुठे सुरू होत होता, सप्टेंबर ते नोव्हेंबर हाच तर आमच्याकडे फुलपाखरांचा भर. गौरी-गणपती झाले आणि शेजारच्या काकीने हाक मारली, "तिरफळावर किडे पडलेत. फांदी मारून टाकतंय, त्याच्या आदी बघून जा गो."

तिरफळ म्हणजे आमच्या बांगड्याच्या कढीतलं तिरफळ. खोडावर काटे, पान चुरडलं की तोच वास. काकीच्या परड्यात ते झाड तिच्या सासऱ्यांनी लावलेलं. खालच्या फांदीवर पाच हिरव्या अळ्या होत्या. फोनने फोटो काढले आणि त्या मुलाला पाठवले. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: तिरफळावर असेल तर मलबार बँडेड पीकॉक असण्याची शक्यता आहे, पण नक्की फुलपाखरू बाहेर आल्यावरच सांगता येईल. फांदी तोडू देऊ नका.

मलबार बँडेड पीकॉक हे केरळचं राज्य फुलपाखरू, २०१८पासून. पश्चिम घाटाबाहेर ते सापडत नाही. काळ्या पंखांवर निळसर-हिरवा रुंद पट्टा. मी ते कधीच पाहिलं नव्हतं. काकीला हे सगळं सांगितलं. तिचा प्रश्न एकच होता, तिरफळं धरतील ना? अळ्या थोडी पानं खातात, फळाला हात लावत नाहीत म्हटल्यावर तिने कोयता आत ठेवला.

अळ्या घरी आणून बरणीत वाढवाव्या असं मनात आलं होतं. आणल्या नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, त्याच्या अनुसूचींमध्ये बरीच फुलपाखरं आहेत, आणि नाव कळायच्या आधी अळी उचलून आणणं योग्य नव्हे. झाडावरच ठेवलं म्हणजे गमवायची तयारीही ठेवावी लागते. तीन दिवसांत एक अळी नाहीशी झाली, बहुधा पक्ष्याने नेली. दोन काळ्या पडून वाळल्या. त्यांच्या अंगात दुसऱ्या कीटकाने अंडी घातली होती. एकीने कुठे कोष केला ते सापडलंच नाही. पाचवीने २ ऑक्टोबरला पानाखाली कोष केला, पानासारखाच हिरवा, मधोमध रेशमाच्या धाग्याचा पट्टा. मी रोज शाळेत जाताना आणि येताना बघायची. काकी दिवसातून किती वेळा बघायची कोण जाणे. एकदा रात्री पाऊस आला तेव्हा तिने त्या फांदीवर इरलं आडवं बांधून ठेवलं होतं.

१५ ऑक्टोबरला घटस्थापना होती. संध्याकाळी कोष काळपट दिसला आणि सालीतून पंखाचा रंग जाणवला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी आणि काकी बॅटरी घेऊन झाडाखाली. साडेसहाच्या सुमारास कोष फुटला. आधी चुरगळलेलं ओलं काहीतरी बाहेर आलं, ते रिकाम्या कोषाला धरून लोंबकळलं. पंखांत हळूहळू रक्त भरत गेलं तसे ते उलगडले. पट्ट्याचा रंग उजेड वाढेल तसा बदलत होता, कधी निळा, कधी हिरवा. दीड-दोन तास ते तसंच टांगून होतं. फोन हातात धरून माझा हात थरथरत होता, म्हणून मी मनगट काकीच्या खांद्यावर टेकवलं. तो फोटो तसाच काढलेला आहे. नऊच्या आधी ते उडालं, माडांच्या वरून गेलं. काकी बराच वेळ वर बघत होती.

आयनॅचरलिस्टवर फोटो चढवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दुर्मीळ जातीचं ठिकाण झाकता येतं, तशी सोय आहे. काकीच्या परड्याचा नेमका पत्ता जगाला कळायची गरज नव्हती. तारीख, गाव आणि झाड मात्र लिहाच. तारखेशिवायचा फोटो सुंदर असू शकतो, नोंद होत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी लेन्स आली. खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपांवर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो शेकड्याने जमत होते. त्या झाडातली काही द्रव्यं नर शोषून घेतात, मादीला आकर्षित करायला ती लागतात. रताळ्याच्या वेलावर सोनेरी कासवभुंगे मिळाले, नखाएवढे, खऱ्या सोन्यासारखे. एक मेलेला सापडला तो साधा तपकिरी होता. ती झळाळी जिवंतपणीच असते, शरीरातला ओलावा गेला की उतरते. लहान मुलं ते डबीत जमवायची. मी त्यांना जिवंत आणि मेलेला शेजारी शेजारी दाखवला, त्यांचं त्यांना कळलं.

जानेवारी ते मे रानात जाणं मी फार कमी केलं. आमच्या जिल्ह्यात २०१६पासून माकडताप येतो, गोचिडींमार्फत. त्या महिन्यांत जायचंच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, तिथे अंगाला लावायचं तेल मिळतं. पूर्ण बाह्या, पायमोजे, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे लगेच उकळत्या पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. फुलपाखरांच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण आमच्या भागात हे आधी सांगितलं पाहिजे.

मार्च-एप्रिलमध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आटत आला की काठच्या ओल्या वाळूत चिखलपान चालतं, म्हणजे फुलपाखरं तिथला ओलावा शोषतात. क्षार मिळवायला बहुतेक नर तिथे येतात. दुपारी अकरा ते दोन, सावलीत बसून राहायचं. एकाच बैठकीत मला तेरा जाती मिळाल्या, त्यात आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतही. २०१५मध्ये महाराष्ट्राने त्याला हा मान दिला, देशात असं करणारं हे पहिलंच राज्य. तळहाताहून मोठं ते फुलपाखरू पाण्याकाठी बसलेलं बघणं हा सोहळा असतो.

ओळख पटवायला फोटो काढण्याइतकाच वेळ लागला. काही फोटोंना दोन तासांत उत्तर मिळालं, काहींना चार महिन्यांत, काहींना अजून नाही. एप्रिलमध्ये मी यादीचा कच्चा मसुदा केला त्यात "क्रिमझन रोज" तीन ठिकाणी होतं. तपासताना त्यातली दोन कॉमन मॉर्मनच्या माद्या निघाल्या. क्रिमझन रोज विषारी, म्हणून पक्षी तिला टाळतात. मॉर्मनच्या काही माद्या तिचंच रूप घेतात. ओळखायची खूण धडावर: रोजचं धड लाल, मॉर्मनचं काळं. माझ्या एका फोटोत पंख झकास होते आणि धड पानाआड. तो फोटो मी यादीतून काढला. खात्री नसलेल्या एकोणीस नोंदी वेगळ्या कागदावर ठेवल्या, वहीत घातल्या नाहीत. शेवटी राहिल्या ७१ जाती. पाच-सहा वर्षं केलं तर ही संख्या बरीच वाढेल.

मे महिन्याची ग्रामसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे आमच्याकडे पुढे गेली. म्हणून ठराव १५ ऑगस्टला आला. त्याआधी समितीच्या दोन बैठका झाल्या. नोंदवहीच्या तक्त्यात रकाने ठरलेले असतात: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, हंगाम, उपयोग, माहिती देणारी व्यक्ती. शास्त्रीय नावं मी देवनागरीत लिहून नेली होती, त्यांनी रोमन लिपीतही मागितली, म्हणून यादी पुन्हा टाइप केली. छपाई आणि रंगीत फोटोंचे ८४० रुपये झाले. उपयोगाच्या रकान्यावर एका सदस्यांनी विचारलं, "ह्येचो उपयोग काय?" प्रश्न प्रामाणिक होता. परागीभवन जिथे प्रत्यक्ष पाहिलं होतं तिथे तसं लिहिलं, बाकीच्यांपुढे रेघ मारली. अळी कोणत्या झाडावर वाढते त्याचा एक जादा रकाना मात्र मी आग्रहाने घालून घेतला.

स्थानिक नावाचा रकाना जवळजवळ रिकामा होता. आमच्याकडे सगळ्या फुलपाखरांना पिसोळां म्हणतात, एकेकटीला नाव नाही. ग्रामसभेत मलबार बँडेड पीकॉकची ओळ वाचली तेव्हा काकी मागच्या रांगेतून म्हणाली, "आमी सगळ्यांकच पिसोळां म्हणतव. पण ह्यां तिरफळाचां पिसोळां." सभेने ते तसंच लिहून घेतलं. माहिती देणारी व्यक्ती या रकान्यात तिचं नाव आलं. सही करताना तिने चष्मा पुसला, ओळ बोटाने दोनदा वाचली, मग वेळ घेऊन, अक्षर न् अक्षर लावून सही केली.

आता पुन्हा सप्टेंबर लागलाय. काल सकाळी तिने कुंपणावरून हाक मारली, खालच्या फांदीला दोन अंडी आहेत.